पहिल्या खिळ्यावरची पाटी

हेदीपाडा, ता. पेठ
९ जानेवारी २०००

चि. संतोष यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्याकडे निघायच्या आधी सकाळी अंघोळ करून वाघदेवाला फूल वाहिलं, शाळा उघडली आणि भिंतीवरच्या पाट्या एकेक करून उतरवल्या. फडक्यानं पुसल्या. फुटू नयेत म्हणून दोन-दोन पाट्यांच्या मधे वर्तमानपत्राचे कागद घातले. पोत्यात भरताना मन थोडं अडखळलं. ज्याची पाटी त्यानंच टांगायची आणि त्यानंच उतरवायची, असं इतकी वर्षं चाललेलं. पण तू लिहिलं होतंस की शिक्षण खात्यातल्या तुझ्या ओळखीच्या साहेबांना तोंडी सांगून पटणार नाही, डोळ्यांना काहीतरी दिसलं पाहिजे. म्हणून हात लावला. पहिल्या खिळ्यावरची तुझी तेवढी राहू दिली. ती साहेबांना काय म्हणून दाखवायची?

एसटीत पोतं मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, गुरुजी, नाचणी आहे का? मी म्हटलं, नाही, शाळा आहे. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतो.

साहेब भेटले नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांना शंभर कामं. पोतं तू ठेवून घेतलंस, सवडीनं दाखवशील. मी निर्धास्त आहे. सिंधू, तुझी अक्का, मात्र मला म्हणाली, मुलांच्या वस्तू परक्या घरी का ठेवून आलात? मी म्हटलं, अगं, तुझ्या सख्ख्या भावाचं घर परकं कसं?

रिकामी भिंत बघवत नाही. खिळेच खिळे दिसतात. तुला आठवतं का, हे सगळं तुझ्यापासून सुरू झालं? तुझे वडील गेले तेव्हा तू आठ वर्षांचा. आमच्याकडे येऊन इथल्याच दुसरीत बसलास. दिवाळीला आईकडे जायचं निघालं तर रडू लागलास, की मी गेलो आणि दाजींनी माझं नाव काढून टाकलं तर? तेव्हा मी भिंतीत पहिला खिळा ठोकला. म्हटलं, पाटी इथं टांगून जा. ज्याची पाटी भिंतीवर, त्याचं नाव पटावर. पाड्यावरच्या पोरांनी ते पाहिलं. पुढं दिवाळीनंतर आईबापांबरोबर द्राक्षबागांच्या कामावर खाली जाताना तीही पाट्या टांगून जाऊ लागली. होळीला सगळा पाडा परत येतो, मूल आपली पाटी आपल्या हातानं उतरवतं आणि पुढचा धडा सुरू होतो. चौथी पास झाल्यावर मात्र मीच पाटी उतरवून हातात देतो; फक्त तुझी, घरचं पोर म्हणून, तशीच राहिली. गुरुजींनी पाटी हातात दिली म्हणजे इथलं शिक्षण संपलं, एवढं पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही कळतं.

अधिकाऱ्यांना ते कळत नाही. डिसेंबरात विस्तार अधिकारी आले तेव्हा वर्गात होती आजीपाशी राहिलेली बारकी पोरं आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेल्या दोन मुली. त्यांनी डोकी मोजली. म्हणाले, मास्तर, तुमचा पट कागदावर चांगला दिसतो, वर्गात दिसत नाही. जूनपर्यंत मुलं डोळ्यांना दिसली नाहीत तर ही शाळा नदीपलीकडच्या शाळेत विलीन करावी लागेल. पावसाळ्यात ती नदी उतरता येत नाही, हे तुला माहीत आहे. मोठे मुलगे इथून तिथून शिकतील. आपल्या शाळेत आता मुलीच जास्त. कोकणा आदिवासींच्या आणि दोन-चार वारल्यांच्या घरांतल्या. एकदा घरी बसल्या की बसल्याच.

तू आहेस म्हणून धीर आहे. योगिनीला आशीर्वाद.

तुझा,
रंगनाथ


नाशिक रोड
१७ जानेवारी २०००

तीर्थरूप दाजींस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. योगिनीनं दोनदा वाचलं. ती म्हणाली, असा मास्तर आम्हाला असता तर गणितात नापास झालो नसतो.

साहेबांची भेट झाली. पाट्या दाखवल्या. त्यांनी हातात घेऊन पाहिल्या, चौकटीवरची तुमच्या अक्षरातली नावं वाचली. म्हणाले, असं काम मी आजवर पाहिलं नाही. आता त्यांच्या मनात आहे की मुलं जिथं आईबापांबरोबर आहेत तिथं जाऊन बघावं. म्हणजे ही मुलं खरी आहेत, खोटी नावं नाहीत, असं त्यांना वरती ठामपणे सांगता येईल. त्यांना वेळ झाला नाही तर मीच जाऊन येईन.

तरी कोण कुठल्या बागेत आहे ते कळवा. आईबापांचा स्वभावही थोडा लिहा. ही माणसं अनोळखी माणसाशी बोलत नाहीत. जीप बघितली की पोरांना लपवतात.

माझं तसं ठीक आहे. अजून कायम नोकरी नाही, संस्थेच्या ऑफिसात तात्पुरतं काम आहे. पण या वर्षी काहीतरी होईल असं दिसतं. अक्काला सांगा, काळजी करू नकोस.

तुमचा,
संतोष


हेदीपाडा
२३ जानेवारी २०००

चि. संतोष यास,
आशीर्वाद.

पत्राबरोबर तीळगूळ पाठवला आहे. उशीर झाला, पण आमच्याकडे पोस्ट आठवड्यातून एखाद्या वेळी वर चढतं.

साहेब पाट्या हातात घेऊन बघतात हे वाचून मी देवापुढं दिवा लावला. माणसं चांगली असतात, आपण त्यांच्यापर्यंत पोचत नाही एवढंच.

बहुतेक घरं पिंपळगावच्या पुढं, एकाच मोठ्या बागाईतदाराकडे आहेत. बागेच्या कडेला झोपड्या घातल्यात. तिथं भिका आणि फुलाबाई भेटतील. भिका बोलायला तिखट, पण मनानं स्वच्छ. त्याला आधी तंबाखू विचार, मग काम सांग. फुलाबाई कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही, पण सगळं ऐकते. त्यांची मोहिनी तिसरीत आहे. संतोष, ही पोरगी फार हुशार. शाळा बंद असली तरी खिडकीपाशी उभी राहून आत बघत असते. खाली जाताना पाटी टांगली आणि मला दम दिला, गुरुजी, धूळ बसू देऊ नका.

ललित त्यांच्याच शेजारच्या झोपडीत असेल. तो खाण्याचा भुकेला. त्याच्याशी आधी जेवणाचं बोल, मग अभ्यासाचं. आशा आणि मयूर ही भावंडं त्यांच्या मामाबरोबर आहेत. मामा लवकर संशय घेतो.

तुला एक युक्ती सांगतो. जाताना पाट्या बरोबर ने. पाटी दिसली की ती माणसं ओळखतील की तू माझ्याकडून आला आहेस. माझ्या हातचं नाव आहे त्यावर. मग तू जे सांगशील त्यावर ती विश्वास ठेवतील. दाखवून झालं की पाट्या परत माझ्याकडे आण, होळीच्या आधी. मुलं आल्यावर त्यांना भिंत रिकामी दिसायला नको.

तुझं काम कायम व्हावं म्हणून मी रोज देवाला सांगतो.

तुझा,
रंगनाथ


नाशिक रोड
१४ फेब्रुवारी २०००

तीर्थरूप दाजींस,
नमस्कार.

घाईत लिहितो. बागेवर जाऊन आलो. तुम्ही सांगितलं तसंच केलं. सगळे नीट बोलले, काही अडचण आली नाही. मुलं बरी आहेत. भिकानं तंबाखू घेतली.

पाट्यांचं बघतो. होळीच्या आत पाठवायचा प्रयत्न करतो.

योगिनीला दिवस गेले आहेत. अक्काला सांगा.

संतोष


हेदीपाडा
२३ मार्च २०००

संतोष,

होळी झाली. काय झालं ते जसं घडलं तसं लिहितो. वाचून तू मला सांग की मी चुकीचं समजलो.

होळीच्या आदल्या दिवशी पाडा परत आला. डोक्यावर गोधड्या, हातात भांडी, एकेकाच्या काखेत कोंबडी. तुझ्याकडून पाट्या आल्या नव्हत्या, म्हणून मी मुलांना समजावून सांगायला वाटेवर जाऊन उभा राहिलो. म्हणणार होतो, पोरांनो, पाट्या नाशकाला साहेबांकडे गेल्यात, चार दिवस थांबा.

समजवायला मुलंच नव्हती. बाया खाली मान घालून पुढं गेल्या. मी फुलाबाईला विचारलं, मोहिनी मागं राहिली का? ती थांबली नाही. भिका थांबला.

‘आता काय इचारता गुरुजी? तुमीच पाटी धाडली, तुमीच नाव काढलं.’

मी म्हटलं, मी नाही काढलं. कुणी सांगितलं?

‘तुमचा मेव्हना जीप घेऊन आला ना. पोरीच्या हातात पाटी दिली. म्हनला, गुरुजींनी परत केली, शाळा बंद होनार, मी दुसऱ्या शाळंत बसवतो. तुमच्या हातची पाटी हाय म्हनल्यावर आमी काय इचारायचं?’

नंतर सगळ्यांकडून थोडं थोडं कळलं. तू प्रत्येक पोराला नावानं हाक मारलीस. मयूरच्या मामाला म्हणालास, तुम्ही संशयी आहात हे गुरुजींनी मला सांगितलंय, पण ते स्वतःच मला पाठवतायत. ललितला म्हणालास, तिथं रोज दोन वेळ भात. ते म्हणतात, सायबाला आमच्या घरातलं सगळं ठाऊक होतं. ते तुला मी कळवलं होतं, संतोष.

कुठली शाळा, ते त्यांना नीट सांगता आलं नाही. दिंडोरीकडची आश्रमशाळा, संस्थेची, एवढंच. होळीला मुलांना घरी आणायला बाप गेले तर दारातून परत पाठवलं. तपासणी आहे, सुट्टी नाही. होळीला पोर घरी नाही, हे या डोंगरात कुणाच्या घरी मयत झालं तरच होतं.

रात्री होळी पेटली. मी नेहमीसारखा नारळ घेऊन गेलो. कुणी मला हटकलं नाही, बसायला जागाही दिली नाही. झिपरूबाबा, पाड्यातला सगळ्यांत म्हातारा, राखेत काठी फिरवत म्हणाला,

‘गुरुजी, आमी दरसाली पोटासाठी खाली जातो न् परत येतो. तुमी एकदाच नाशकाला गेला न् शाळा तिथंच ठेवून आला.’

मी नारळ होळीला वाहून घरी आलो. सिंधू घरी विचारते आहे की काय झालं. तिला मी अजून सांगितलेलं नाही. तुझं उत्तर आलं की सांगेन.

त्या साहेबांचं नाव काय, संतोष? तू एकदाही लिहिलं नाहीस.

रंगनाथ


नाशिक रोड
३० मार्च २०००

ती. दाजींस,

तुम्हाला राग येणं साहजिक आहे. पण शांतपणे वाचा.

साहेब नव्हते. मी या आश्रमशाळेतच लागलोय. संस्थेनं अट घातली होती की नव्या वर्गाला मुलं आणा, मार्चच्या तपासणीत पट दिसला पाहिजे, तरच वर्गाला मान्यता आणि तुम्ही परमनंट. मी मागच्या वर्षभर पाड्यापाड्यांनी फिरलो. कुणी पोर देत नाही. लग्न झालंय, मूल होणार आहे. सासऱ्यांच्या घरात राहतो. त्यांच्या प्रेसमधल्या नोकरीवर आमचं घर चालतं. रोज जेवताना त्यांच्या नजरेत ते दिसतं. तुम्हाला काय कळणार, तुम्ही पहिल्या नोकरीवर चिकटलात ते चिकटलात.

आणि मी त्या मुलांचं वाईट काय केलं? तुमच्या शाळेत पाटी टांगून मुलं चार महिने द्राक्षांच्या बागेत फवाऱ्याच्या वासात फिरतात. त्याला तुम्ही पटावर असणं म्हणता. इथं ती छपराखाली झोपतात, दोन वेळ जेवतात. तुमची शाळा आज ना उद्या बंद होणारच. हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही ती फक्त देवळासारखी सांभाळता.

आता एकच काम आहे. जूनच्या आधी या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले पाहिजेत. त्यांशिवाय ती इथल्या पटावर कायदेशीर बसत नाहीत आणि माझी मान्यता अडकते. दाखले फक्त तुमच्या सहीनं होतात. पोस्टानं पाठवा, किंवा मी येऊन नेतो.

पाटीबद्दल म्हणाल तर, ते मला तुम्हीच सुचवलं.

अक्काला मी वेगळं लिहिलं आहे. तिच्यासाठी तरी करा.

संतोष


हेदीपाडा
२६ एप्रिल २०००

संतोष,

तुझं पत्र मी बरेच दिवस जवळ बाळगलं. तू लिहिलेलं सगळंच खोटं नाही, म्हणून उत्तराला वेळ लागला. मुलं चार महिने बागेत फिरतात हे खरं. आपली शाळा भुकेपुढं लहान आहे, हेही खरं. रोज सकाळी देवापुढं बसलो की तुझी ओळ आठवायची, देवळासारखी सांभाळता. मी स्वतःला विचारत होतो, मी मुलांसाठी रडतो आहे की माझ्या भिंतीसाठी?

सिंधू तुझं पत्र वाचून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, सही करून टाका, त्याचा संसार उभा राहू दे, मूल होणार आहे त्याला. मी म्हटलं, मुलांना विचारून येतो, मग ठरवतो.

रामनवमी झाल्यावर मी भिकाकडे गेलो. मला त्यानं ओट्यावर चढू दिलं नाही. अंगणात उभं राहूनच सांगितलं. पाट्या मी नाशकाला का नेल्या, कुणाकडे ठेवल्या, पत्रांतून काय काय लिहिलं, सगळं. आणि पाटी मी परत केली नाही, हेही. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला,

‘म्हंजी तुमच्या घरातल्यानंच तुमाला फसवलं.’

मी म्हटलं, हो.

‘मंग चला. बसा म्हनायला आता येळ नाय.’

आम्ही सहा-सात जण त्या आश्रमशाळेत गेलो. तू त्या दिवशी नव्हतास, किंवा आम्हाला बघून मागच्या दारानं गेलास, मला माहीत नाही. तिथल्या मुख्याध्यापकांनी आधी गेट उघडलं नाही. भिका म्हणाला, आमची पोरं आमी बघनार, त्याला कुनाची सही लागत नाय. मग उघडलं.

मी तुझ्या शाळेची निंदा करणार नाही. खोल्या मोठ्या आहेत. झोपायला सतरंजी आहे, पांघरायचं घरून आणलेलं. मुलं जेवत होती. भात होता, आमटी पातळ होती. ललितनं मला बघितलं आणि ताट मागं ओढलं. त्याला वाटलं मी त्याला घेऊन जाणार. त्याच्या बापानं विचारलं, तो म्हणाला, मी इथंच राहीन, इथं रोज भात आहे. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आणखी दोघांनी तसंच सांगितलं. या तिघांचे दाखले मी परत आल्यावर त्यांच्या आईबापांसमोर लिहून त्यांच्या हातात दिले. त्यांतला एकही मी तुला पाठवलेला नाही.

मोहिनी भिंतीपाशी उभी होती. पाटी छातीशी धरलेली. फुलाबाई तिच्याजवळ गेली तरी ती माझ्याकडे बघत होती. मी वाकलो. ती म्हणाली,

‘गुरुजी, माजं काय चुकलं?’

मी तिला काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. ते तुला सांगण्यासारखं नाही आणि पुरेसंही नाही.

बाकीची मुलं आमच्याबरोबर परत आली. विस्तार अधिकारी परवा येऊन गेले. त्यांनी डोकी मोजली, या वर्षापुरती शाळा राहील म्हणाले. पुढच्या वर्षीचं देवाला ठाऊक. त्यांनी विचारलं, ही मुलं मधेच दुसरीकडं कशी गेली होती? सिंधू आत चहा करत होती, तिला ऐकू जात होतं. मी तुझ्या नावानिशी जबाब लिहून दिला. तुझ्या मान्यतेचं काय होईल मला माहीत नाही. योगिनीसाठी आणि बाळासाठी मी रोज देवाला मागतो, ते थांबणार नाही. पण तुझ्या नोकरीसाठी मागायचो, ते आता थांबवलं आहे.

मुलं शाळेत आली त्या दिवशी मी म्हटलं, पाट्या हव्या तर भिंतीवर टांगा. कुणी हललं नाही. मोहिनीनं पाटी दप्तरात घातली, दप्तर मांडीवर घेतलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

‘आता देत नाय,’ ती म्हणाली. रागानं नाही. जसं मोठी माणसं एखादी गोष्ट शिकल्यावर सांगतात तसं.

तिचं बरोबर आहे. यापुढं दिवाळीला पाट्या मुलांबरोबरच खाली जातील. मीही शनिवार-रविवार बागेवर जाईन, झोपड्यांपुढं बसून शिकवीन. हे मी वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, तेवढं तुझ्या पत्रानं दाखवलं. त्याबद्दल तुझा आभारी आहे, आणि हे मी मनापासून लिहितो.

मग भिंतीवर एकच पाटी उरली. पहिल्या खिळ्यावरची. बरेच दिवस ती तशीच ठेवली होती. शाळा भरायच्या आधी तिच्याकडे बघायचो आणि वाटायचं, आठ वर्षांचं ते पोर रडत होतं ते खोटं नव्हतं. ते खरं होतं. म्हणूनच उतरवायला हात होत नव्हता.

काल सकाळी उतरवली. चौकटीवरचं नाव अजून वाचता येतं. सिंधूनं न सांगता जुन्या लुगड्याचा तुकडा आणून दिला आणि पाटी स्वतःच गुंडाळली. मी एसटीनं पेठला गेलो आणि पोस्टात रजिस्टर पार्सल केलं. पोस्टमास्तर ओळखीचे. त्यांनी हलवून बघितलं आणि विचारलं, गुरुजी, आत फुटण्यासारखं काय आहे?

मी सांगितलं, एका विद्यार्थ्याची पाटी. आमच्या शाळेतून गेला.

पार्सल तुला दोन-चार दिवसांत मिळेल.

रंगनाथ